एक नग आणि शंभर नग : उत्पादन अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा विचार

अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा तंत्रनिकेतनात प्रवेश घेणारा बहुतेक प्रत्येक विद्यार्थी पहिल्याच वर्षी कार्यशाळेत एक ठरलेले काम करतो. मृदू पोलादाच्या दोन लहान पट्ट्या व्हाइसमध्ये पकडून तो त्या कानशीने घासतो. एका पट्टीला खाच पाडतो, दुसरीला त्या खाचेत बसेल असा उंचवटा ठेवतो आणि दोन्ही एकमेकींत बसवून निदेशकांपुढे ठेवतो. निदेशक काटकोनी लावून पाहतात, फट किती राहिली आहे ते उजेडाकडे धरून तपासतात आणि वहीत गुण नोंदवितात. त्यानंतर त्या जोडकामाचे प्रयोजन संपते. ते भंगाराच्या पेटीत जाते आणि पुढील वर्षी नव्या पट्ट्यांवर तेच काम नव्या विद्यार्थ्यांकडून करवून घेतले जाते.

या सरावाचे महत्त्व नाकारता येणार नाही. हात आणि डोळा यांना शिस्त लावणारे दुसरे सोपे साधन नाही. तथापि, याच विद्यार्थ्याला पुढे एखाद्या कारखान्यात उत्पादनाची जबाबदारी पेलावी लागते, तेव्हा त्याच्यापुढील प्रश्न अगदी निराळे असतात. एक खाच आणि एक उंचवटा एकमेकांशी घासून जुळविणे हे तेथील काम नसते. कोणत्याही खाचेत कोणताही उंचवटा बसेल असे हजारो नग, ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या खर्चात, दिवसामागून दिवस तयार होत राहतील अशी व्यवस्था तेथे उभी करावी लागते. एक नग चांगला करणे हे कारागिरीचे काम होय. शंभर नग सारखे करणे हे उत्पादन अभियांत्रिकीचे काम होय. शिक्षणात यांपैकी पहिल्या कामाचा सराव होतो. दुसऱ्याचा परिचय मात्र बहुधा पाठ्यपुस्तकापुरताच राहतो. उत्पादन अभियांत्रिकीचे शिक्षण सुधारावयाचे असेल तर ही उणीव प्रथम भरून काढावयास हवी.

महाराष्ट्रासारख्या उद्योगप्रधान राज्यात या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, नाशिकचे सातपूर आणि अंबड, छत्रपती संभाजीनगरचे वाळूज, कोल्हापूरच्या ओतशाळा या साऱ्या परिसरांत मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे असंख्य लहान उद्योग आहेत. मोठा कारखाना नव्या अभियंत्याला वर्षभर प्रशिक्षण देऊ शकतो. दहा-वीस कामगारांच्या उद्योगाला ते परवडत नाही. तेथे नवा अभियंता पहिल्या महिन्यातच यंत्रापाशी उभा राहतो आणि त्याच्या निर्णयावर एखादी संपूर्ण खेप स्वीकारली जाणार की परत येणार हे ठरते. खेप परत आली तर नुकसान उद्योजकाचे होते, आणि आत्मविश्वास त्या तरुणाचा ढळतो.

कार्यशाळेची परंपरा

राज्यातील तांत्रिक शिक्षणाची परंपरा जुनी आहे. 1854 मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग आणि यांत्रिक शाळा सुरू झाली. सार्वजनिक बांधकामांसाठी प्रशिक्षित माणसे तयार करणे हा तिचा हेतू होता. तिचेच पुढे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात रूपांतर झाले आणि 2022 मध्ये त्या महाविद्यालयाला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबईत 1887 मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली; आज ती वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे उद्योजक म्हणून नावारूपाला येण्यापूर्वी याच संस्थेत अध्यापन करीत होते. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनविण्यास प्रारंभ केला आणि 1910 मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली.

नांगराचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. नांगराचा फाळ जमिनीत घासून झिजतो आणि तो बदलावा लागतो. गावात बसलेल्या शेतकऱ्याने विकत घेतलेला नवा फाळ त्याच्या जुन्या नांगरावर विनासायास बसला नाही, तर तो नांगर त्याच्या काही कामाचा राहत नाही. भागांची अदलाबदल होऊ शकणे हा उत्पादनाचा पाया आहे, आणि तो शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जाऊन पोहोचतो.

आज प्रचलित असलेल्या कार्यशाळेतील क्रमवार सरावाचे नाते रशियातील एका प्रयोगाशी जोडता येते. मॉस्को येथील इम्पीरियल टेक्निकल स्कूलचे प्रमुख व्हिक्टर डेला-वोस यांनी 1868 च्या सुमारास प्रत्येक हस्तव्यवसायाचे पृथक्करण करून त्यातील क्रिया सोप्याकडून कठीणाकडे अशा क्रमाने मांडल्या. सुतारकाम, लोहारकाम, जोडकाम व कातकाम यांसाठी स्वतंत्र शिक्षण-कार्यशाळा असत आणि प्रत्येक विद्यार्थी ठरावीक नमुने क्रमाने बनवीत असे. 1876 मध्ये फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात हे नमुने मांडण्यात आले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे तत्कालीन अध्यक्ष जॉन रंकल यांना ते इतके भावले की त्यांनी ही पद्धत आपल्या संस्थेत आणली, आणि तेथून तिचा प्रसार झाला.

मात्र या इतिहासातील एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मॉस्कोच्या शाळेत कार्यशाळा दोन प्रकारच्या होत्या. शिक्षण-कार्यशाळेत नमुने बनवून झाल्यानंतर विद्यार्थी निर्मिती-कार्यशाळेत जात. तेथे बाहेरून मागणी आलेल्या वस्तू प्रत्यक्ष तयार होत. प्रसार झाला तो मुख्यतः पहिल्या पायरीचा. दुसरी पायरी मागे राहिली. अमेरिकेतच वुस्टर येथील संस्थेने 1868 मध्ये उघडलेल्या वॉशबर्न कार्यशाळेत विक्रीयोग्य माल तयार होत असे आणि विद्यार्थी त्या कामात सहभागी होत. या मार्गात निराळा धोका होता. मालाची घाई झाली की शिक्षण मागे पडते. म्हणून क्रमवार सराव हवा की प्रत्यक्ष निर्मिती हवी, हा वाद खरे पाहता निरर्थक आहे. एकानंतर दुसरे यावयास हवे, आणि दोहोंची सूत्रे शिक्षकाच्या हाती असावयास हवीत.

तीस पिना आणि तीस बुश

ही दुसरी पायरी चढण्यासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागते असे नाही. साध्या लेथवर होणारा एक पाठ उदाहरणादाखल पाहता येईल. वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने 25 मिलिमीटर व्यासाच्या तीस पिना तयार कराव्यात आणि दुसऱ्या गटाने त्या पिना ज्यांत सहज फिरतील असे तीस बुश तयार करावेत. दोन्ही गटांनी काम चालू असताना एकमेकांचे नग पाहू नयेत. त्यांच्यामध्ये केवळ रेखाचित्र असावे. शेवटी कोणतीही पिन उचलून कोणत्याही बुशात घालून पाहावी.

रेखाचित्रावर केवळ 25 मिलिमीटर असे लिहून भागत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्याला येथे प्रथम उमगते. कोणतेही यंत्र अगदी नेमके माप देऊ शकत नाही. म्हणून किती फरक चालेल हे आधीच ठरवावे लागते. या अनुज्ञेय फरकाला टॉलरन्स म्हणतात. बैठकीच्या प्रमाणपद्धतीत एच-7 आणि जी-6 ही जोडी निवडली, तर भोकाचा व्यास 25.000 ते 25.021 मिलिमीटर आणि पिनेचा व्यास 24.980 ते 24.993 मिलिमीटर असावा लागतो. मग सर्वांत जाड पिन सर्वांत लहान भोकात गेली तरी 7 मायक्रॉनची मोकळीक राहते आणि सर्वांत बारीक पिन सर्वांत मोठ्या भोकात गेली तरी मोकळीक 41 मायक्रॉनपेक्षा अधिक होत नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पिनेसाठी मिळालेला पट्टा अवघा 13 मायक्रॉनचा आहे.

आता तीसही पिना मायक्रोमीटरने मोजून त्यांची मापे आलेखावर मांडावीत. मापे एका बिंदूवर येत नाहीत, पसरतात. समजा त्यांचे प्रमाण विचलन 5 मायक्रॉन आले. संख्याशास्त्राच्या नियमानुसार जवळजवळ सर्व पिना त्याच्या सहापट, म्हणजे 30 मायक्रॉनच्या पट्ट्यात पसरतील. हवा असलेला पट्टा 13 मायक्रॉनचा आणि यंत्राचा नैसर्गिक पसारा 30 मायक्रॉनचा! याचा अर्थ असा की कामगाराने कितीही मन लावून काम केले तरी या लेथवर ही पिन मोठ्या संख्येने बनविता येणार नाही. बऱ्याच पिना बाद होणारच.

येथे विद्यार्थ्यापुढे खरा अभियांत्रिकी प्रश्न उभा राहतो. पिनांवर शेवटी ग्राइंडिंगची क्रिया करावी काय? तसे केल्यास माप साधेल, परंतु यंत्र, वेळ आणि खर्च वाढेल. की मुळात इतक्या सूक्ष्म बैठकीची गरज आहे काय, हा प्रश्न रेखाचित्र काढणाऱ्याला विचारावा? काम साध्या फिरणाऱ्या खुंटीचे असेल, तर पिनेसाठी एफ-8 ही श्रेणी निवडता येईल. तिचा पट्टा 33 मायक्रॉनचा आहे, आणि यंत्राचा पसारा त्यात जेमतेम का होईना, मावतो. जे रेखाचित्र टेबलावर निर्दोष वाटत होते ते यंत्रापाशी सदोष ठरू शकते, आणि तो दोष पेन्सिलीच्या एका फेरफाराने दूर होऊ शकतो. संरचना आणि निर्मिती यांचे नाते व्याख्यानांतून जितके समजत नाही तितके या तीस पिनांतून समजते.

मापांच्या पसाऱ्यावर लक्ष ठेवण्यासाठी नियंत्रण-आलेखाची कल्पना वॉल्टर श्यूहार्ट यांनी 1924 मध्ये अमेरिकेत मांडली. शंभर वर्षे होऊन गेलेली ही कल्पना आजही गुणवत्ता-नियंत्रणाचा कणा आहे. परीक्षेत विद्यार्थी तिचे सूत्र बिनचूक लिहितो. परंतु स्वतः बनविलेल्या नगांची मापे आलेखावर मांडताना, दुपारनंतर बिंदू हळूहळू वर सरकू लागले आणि त्याचे कारण झिजलेले हत्यार आहे हे आढळले, म्हणजे ते सूत्र त्याच्या कायमचे लक्षात राहते.

तापमान, हत्यार आणि वेळ

असे आणखी तीन लहान पाठ याच कामाला जोडता येतात.

पहिला पाठ तापमानाचा. लांबीच्या मोजमापासाठी 20 अंश सेल्सिअस हे आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान मानले जाते. पोलादाची एक मीटर लांबी तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे 12 मायक्रॉनने वाढते. ॲल्युमिनियमची वाढ याच्या जवळजवळ दुप्पट असते. यंत्रावरून नुकताच काढलेला 50 मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा नग सभोवतालापेक्षा 20 अंशांनी गरम असेल, तर त्याचा व्यास सुमारे 23 मायक्रॉनने वाढलेला असतो. गरम असताना मोजून बरोबर ठरविलेला नग थंड झाल्यावर लहान भरतो. एकच नग काढल्याबरोबर आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजावयास लावला की हा धडा पुरा होतो. त्याला वेगळी प्रयोगशाळा लागत नाही.

दुसरा पाठ हत्याराच्या आयुष्याचा. फ्रेडरिक टेलर यांनी सुमारे 26 वर्षांच्या प्रयोगांनंतर 1906 मध्ये धातुकर्तनावरील आपला प्रसिद्ध निबंध सादर केला. कापण्याचा वेग वाढविला की हत्याराचे आयुष्य किती झपाट्याने घटते हे त्यांनी सूत्रात बांधले. कार्बाइडच्या हत्यारासाठी या सूत्रातील घातांक 0.25 धरला, तर वेग केवळ 20 टक्क्यांनी वाढविल्यास हत्याराचे आयुष्य निम्म्याखाली येते. अधिक वेगाने काम केले की उत्पादन वाढते असे वरवर वाटते. परंतु हत्यार बदलण्यात जाणारा वेळ आणि नव्या हत्याराची किंमत हिशेबात धरली की एका मर्यादेनंतर वेग तोट्याचा ठरतो. ही मर्यादा शोधण्याचे गणित विद्यार्थ्याने स्वतःच्या नोंदींवरून मांडावे.

तिसरा पाठ वेळेचा आणि खर्चाचा. यंत्रावर काम लावण्यास एक तास आणि प्रत्येक नगाला चार मिनिटे लागत असतील, तर एकच नग केल्यास त्याला 64 मिनिटे पडतात. शंभर नग केल्यास प्रत्येकी साडेचार मिनिटांहून किंचित अधिक वेळ पडतो. यंत्र लावण्याचा वेळ कमी करण्यासाठी आधुनिक कारखाने एवढी धडपड का करतात, धारके आणि मार्गदर्शक साधने यांवर खर्च का करतात, हे या साध्या भागाकारातून स्पष्ट होते.

ओतशाळेचा धडा

कातकामाप्रमाणेच ओतकामाचे शिक्षणही प्रत्यक्षाशी जोडता येते. कोल्हापूर परिसर ओतीव भागांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. वितळलेला धातू थिजून थंड होताना आकुंचन पावतो. म्हणून नमुना मूळ मापापेक्षा मोठा करावा लागतो. बिडासाठी ही वाढ मीटरमागे सुमारे 10 मिलिमीटर आणि पोलादासाठी सुमारे 20 मिलिमीटर धरतात. जाड भाग उशिरा आणि पातळ भाग लवकर थिजतो. त्यामुळे एकदम जाडी बदलणारा किंवा तीक्ष्ण कोपऱ्यांचा भाग आत पोकळी धरतो. वरून निर्दोष दिसणारा ओतीव भाग कापून पाहिला, की आतील पोकळी डोळ्यांना दिसते. विद्यार्थ्याने स्वतः आरेखित केलेला भाग जवळच्या ओतशाळेत ओतून घ्यावा आणि तो कापून तपासावा. असा एक प्रसंग आकुंचनावरील अनेक तासांची उणीव भरून काढील.

या कामी संगणकाचे साहाय्य मोलाचे आहे. धातू साच्यात कसा भरतो आणि कोठे शेवटी थिजतो याचे चित्र संगणक आधीच दाखवू शकतो. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे विकसित झालेल्या ई-फाऊंड्रीसारख्या उपक्रमाने ओतकामाचे पाठ आणि अनुकरणाची सोय महाजालावर उपलब्ध करून दिली. संगणकनियंत्रित यंत्रांच्या बाबतीतही प्रथम चुका पडद्यावर होणे केव्हाही इष्ट. तेथे हत्यार आदळले तरी कोणाला इजा होत नाही. मात्र पडद्यावर धातूचा कीस गुंडाळला जात नाही, काठाला कंगोरा राहत नाही, नग थरथरत नाही आणि शीतकाचा वास येत नाही. अनुकरण हे प्रत्यक्ष कामाची पूर्वतयारी होय. त्याला प्रत्यक्ष कामाच्या जागी बसविणे योग्य होणार नाही.

अनुकरणीय प्रयत्न

शिक्षण आणि निर्मिती यांची सांगड घालण्याचे काही उल्लेखनीय प्रयत्न राज्यातच झालेले आहेत. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. औपचारिक शाळेत न रमलेल्या ग्रामीण मुलांनी प्रत्यक्ष काम करीत शिकावे, आणि ते काम गावाच्या उपयोगी पडणारे असावे, हा त्यामागील विचार होता. वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती असे विषय तेथे सेवेच्या रूपाने शिकविले जातात. 2002 मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब सुरू झाली; त्या संस्थेबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. गावातील माणूस फाटक विकत घेणार असेल तर त्याचे बिजागर सरळ असावेच लागते. गुणांच्या धाकापेक्षा हा धाक अधिक शिकवितो.

छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूम हे दुसरे उदाहरण. उद्योगांसाठी साचे आणि हत्यारे तयार करणे व त्याच कामातून तरुणांना प्रशिक्षण देणे ही दोन्ही कार्ये तेथे एका छपराखाली चालतात. मॉस्कोच्या शाळेतील निर्मिती-कार्यशाळेचीच ही कल्पना होय.

परदेशांतही याच दिशेने विचार झालेला दिसतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाने 1994 पासून लर्निंग फॅक्टरी, म्हणजे शिक्षण-कारखाना, ही कल्पना राबविली. उद्योगांनी दिलेल्या खऱ्या समस्यांवर विद्यार्थी तेथे गटाने काम करतात. जर्मनीतील डार्मस्टाट येथील तांत्रिक विद्यापीठात 2007 मध्ये उभारलेल्या अशाच शिक्षण-कारखान्यात कच्च्या मालापासून जुळणीपर्यंतची संपूर्ण उत्पादन-साखळी शिक्षणासाठी वापरली जाते. जर्मनीत व्यवसाय-प्रशिक्षणाला 1969 मध्ये कायद्याचा आधार मिळाला. तेथील शिकाऊ उमेदवार आठवड्याचा काही काळ शाळेत आणि उरलेला काळ कारखान्यात घालवितो.

भारतातही शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 मध्ये झाला आणि 1973 च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक अभियंत्यांनाही त्याच्या कक्षेत घेण्यात आले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात उद्योगातील आंतरवासितेला स्थान देण्यात आले. तरतुदी आहेत, त्यांचा लाभ किती होतो हे त्या काळात विद्यार्थ्याला काय करावयास मिळते यावर अवलंबून आहे. कारखान्यात सहा आठवडे केवळ फिरून प्रमाणपत्र घेऊन येणारा विद्यार्थी आणि तेथील एका यंत्रावर वारंवार उद्भवणाऱ्या एका दोषाचे कारण शोधून येणारा विद्यार्थी, यांच्या शिक्षणात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून विद्यार्थ्याला पाठविण्यापूर्वीच महाविद्यालय व कारखाना यांनी मिळून त्याच्यासाठी एक निश्चित प्रश्न ठरवून द्यावा, हे श्रेयस्कर.

परीक्षेची दिशा

शिक्षणपद्धती बदलली आणि परीक्षा तीच राहिली तर काहीच साधत नाही, कारण ज्याला गुण असतात तेच विद्यार्थी शिकतो. आज कार्यशाळेत चांगला नग सादर करणाऱ्यास गुण मिळतात. त्यामुळे बिघडलेला नग लपविणे, दुसऱ्याचा नग आपल्या नावावर दाखविणे आणि मागील वर्षाची नोंदवही उतरवून काढणे या गोष्टींना नकळत उत्तेजन मिळते. कारखान्यात मात्र लपविलेला दोष सर्वांत महाग पडतो. तो पुढच्या यंत्रापर्यंत, जुळणीपर्यंत आणि अखेर ग्राहकापर्यंत जातो.

यावर एक साधा उपाय सुचविता येईल. बाद झालेल्या नगांचा अहवाल हा परीक्षेचा भाग करावा. किती नग बाद झाले, मापात किती चुकले, कोणत्या टप्प्यावर चुकले, कारण कोणते आणि पुढील खेपेत काय बदलले, याची नोंद विद्यार्थ्याने करावी. नग बाद झाल्याबद्दल गुण कापू नयेत. कारण न शोधल्याबद्दल कापावेत. अशा अहवालांची नक्कल करणे कठीण आहे, कारण प्रत्येक खेपेची मापे वेगळी असतात. शिवाय आपली चूक निर्भयपणे मांडण्याची सवय जडलेला अभियंता कोणत्याही कारखान्याला हवाच असतो.

शिक्षक, निदेशक आणि भाषा

या बदलाचा भार शेवटी शिक्षकांवर पडणार आहे, आणि त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. वर्ग मोठे असतात, यंत्रे मोजकी असतात, सुरक्षिततेची जबाबदारी असते. वर्णन केलेले पाठ गटागटाने, पाळीपाळीने घेता येतात. एक गट यंत्रावर असताना दुसरा मोजमापावर आणि तिसरा हिशेबावर राहू शकतो. यंत्रे थोडी असली तरी काम सर्वांना पुरते, आणि कारखान्यातील श्रमविभागणीचाही अनुभव मिळतो. तरीही अध्यापकांना ठरावीक काळाने काही आठवडे उद्योगात काम करण्याची संधी मिळणे अगत्याचे आहे. ज्याने खेप परत आलेली पाहिली आहे तोच टॉलरन्स मन लावून शिकवू शकेल.

कार्यशाळेतील निदेशक हा या शिक्षणातील सर्वांत दुर्लक्षित घटक आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून जोडारी किंवा कातारी होऊन आलेल्या या अनुभवी माणसाला यंत्राचा आवाज बदलल्याबरोबर हत्यार झिजल्याचे कळते. प्राध्यापक सूत्र जाणतात; निदेशक खूण जाणतो. पाठ आखताना दोघांनी एकत्र बसावे आणि मूल्यमापनातही निदेशकाच्या मताला स्थान असावे.

भाषेचा विचारही येथे आवश्यक आहे. कारखान्यातील बोलणे बहुतांशी मराठी आणि हिंदीत चालते. पुस्तके मात्र इंग्रजीत असतात. 2021 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकविण्यास अनुमती दिली. राज्याच्या भाषा संचालनालयाने तांत्रिक विषयांचे परिभाषाकोश पूर्वीच सिद्ध केले आहेत. तथापि केवळ पर्यायी शब्द देऊन काम भागत नाही. लेथ, टॉलरन्स, बुश हे शब्द कामगाराच्या तोंडी रुळलेले आहेत. ते तसेच ठेवून त्यांमागील विचार मराठीत समजावून सांगणारी पुस्तके निर्माण व्हावयास हवीत. आपली अडचण कामगाराला समजेल अशा शब्दांत मांडू न शकणारा अभियंता रेखाचित्र कितीही उत्तम काढो, यंत्रावर त्याचा उपयोग मर्यादितच राहतो.

प्रारंभ कोठून करावा

हे सारे एकदम घडून येणार नाही. पहिल्या वर्षी कानस आणि हातोडी यांचा क्रमवार सराव राहू द्यावा. मात्र तो करताना बनणारा नग पुढील वर्षी कोणाच्या तरी उपयोगी पडेल असा निवडावा. दुसऱ्या वर्षी तीस पिनांसारखा एखादा खेपेचा पाठ घ्यावा. तिसऱ्या वर्षी महाविद्यालयाला स्वतःलाच लागणारी एखादी वस्तू, प्रयोगशाळेतील स्टँड किंवा शाळांसाठी विज्ञानाचे उपकरण, ठरावीक संख्येने तयार करून द्यावी. चौथ्या वर्षी परिसरातील एखाद्या लहान उद्योगाचा प्रत्यक्ष प्रश्न हाती घ्यावा. यासाठी नव्या इमारती वा परदेशी यंत्रे लागणार नाहीत. लागेल तो वेळापत्रकात थोडा बदल, परीक्षेच्या नियमात थोडी लवचीकता आणि जवळच्या कारखानदारांशी जिव्हाळ्याचा संबंध.

उद्योजकांनाही यात सहभागी होणे हिताचे आहे. टाकाऊ ठरलेले नग, जुनी रेखाचित्रे, दोषांच्या नोंदी या कारखान्यात धूळ खात पडलेल्या वस्तू महाविद्यालयाच्या दृष्टीने उत्तम शैक्षणिक साहित्य आहेत. महिन्यातून एकदा अनुभवी तंत्रज्ञाने वर्गात येऊन एका बाद नगाची कथा सांगितली, तरी विद्यार्थ्यांना खूप काही मिळेल.

दरवर्षी हजारो तरुण अभियांत्रिकीची पदवी वा पदविका घेऊन राज्यातील औद्योगिक वसाहतींच्या दाराशी येतात. त्यांच्यामागे अनेकदा शेतकरी किंवा कामगार कुटुंबाची काटकसर उभी असते. त्या मुलामुलींच्या हाती दिलेल्या प्रमाणपत्राला कारखान्यात किंमत यावी ही शिक्षणसंस्थांची जबाबदारी आहे. स्वतः बनविलेली पिन अनोळखी हातांनी बनविलेल्या बुशात सहज बसली, आणि ती का बसली हे आकड्यांनिशी सांगता आले, म्हणजे विद्यार्थ्याला आपल्या विद्येची खात्री पटते. ही खात्री प्रत्येक विद्यार्थ्याला पदवीपूर्वी किमान एकदा लाभावी, एवढी व्यवस्था झाली तरी उत्पादन अभियांत्रिकीच्या शिक्षणाने मोठा पल्ला गाठला असे म्हणता येईल.